बारा फिरत्या खाटा

४ फेब्रुवारी

शहाण्या,

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. निवडून आल्यावर चौकातल्या सभेत मी म्हणाले होते की राजधानीतले लोक उंटावरून शेळ्या हाकतात. ते मी आजही म्हणते. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी त्या वाक्याशेजारी तुझा फोटो आणि तुझं पद छापलं, ते काही माझ्या सांगण्यावरून नाही. पण तू फोन उचलायचा बंद केलास, मग मीही करायचा बंद केला. दोन वर्षं झाली. बाबांचं नाक आपल्या दोघांनाही मिळालंय, उंच आणि उगाच लाल होणारं.

तर कामाचं बोलते. तुमच्या मूल्यमापन खात्याचं तपासणी पथक पुढच्या आठवड्यात आमच्या गावात येतंय. दवाखान्यात बारा चांगल्या खाटा दिसल्या तर गाव पहिल्या श्रेणीत, आणि डॉक्टर गावातच राहणार. नाही दिसल्या तर गाव खाली, आणि डॉक्टरची जागा उचलून 'जिथे प्रगती दिसते' तिथे. नियम तूच बसवलायस, तुला काय सांगायचं म्हणा. पण आमच्याकडे एकच डॉक्टर आहे हे कदाचित तुझ्या तक्त्यात नसेल. तरुण पोरगी आहे. हुशार आहे, तापट आहे, म्हणून माझं तिच्याशी जमतं. ती गेली तर अडलेल्या बाईला नदीपलीकडच्या शहरात न्यायचं, आणि नदीला पाणी आलं की पूल बंद. म्हणजे माझ्या कारकिर्दीत काहीही होवो, ती पोरगी इथून हलता कामा नये. बाकी गटारं, दिवे, रस्ते, सगळं त्याच्या नंतर.

आता विनंती. माझ्या तोंडून विनंती फारशी निघत नाही, तेव्हा नीट वाच. पथकाबरोबर तू येऊ नकोस. तू आलास तर लोक म्हणतील, भावाने बहिणीचं गाव पास केलं. तेवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. इथे सगळं व्यवस्थित आहे. बारा खाटा आहेत. आई बरी आहे.

हे पत्र दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. का, ते विचारू नकोस. नगराध्यक्षाला दवाखान्यात बसायला कारण लागत नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

शहाण्या,

पास झालो. पहिली श्रेणी. तुझी ती चष्मेवाली अधिकारी बाई खाटांचं हँडल स्वतः फिरवून बघत होती, डोक्याकडची बाजू वर-खाली होते का ते. होत होती. 'फारच सुस्थितीत ठेवल्यात हो,' असं म्हणाली. मी मान डोलावली. सुस्थितीत असणारच, एरवी त्यांच्यावर कोणी झोपतच नाही.

आता जरा बस, पाणी पी, आणि ऐक. मागच्या पत्रात दोन थापा होत्या. त्या खाटा आमच्या नाहीत, आणि आई बरी नव्हती.

आधी आईचं. वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली आणि उतरताना जिन्यावरून पडली. 'तू जाऊ नकोस, मी आणते' असं मी रोज म्हणते आणि रोज तिनेच आणलेले कपडे घालते. खुब्याच्या हाडाला तडा गेलाय, हाड सरकलेलं नाही. पायाला वजन बांधून पडून राहायचं, अजिबात हलायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलंय. मी तुला कळवलं नाही, कारण आईनेच बजावलं होतं, 'त्याला सांगू नकोस, तो काम सोडून येईल.' मला शंका होती तू येशील की नाही, आणि तू आला नसतास तर ते मला तिला सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिले.

आता खाटांचं. आपल्या भागातल्या सातही गावांत मिळून चांगल्या खाटा आहेत बाराच. आधीच्या अध्यक्षांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या तेव्हा हेही कानात सांगितलं होतं, 'तपासणीच्या आदल्या दिवशी ट्रक येईल, काळजी नसावी.' तुझा नियम आला त्या वर्षी सातही गावांनी वर्गणी काढून त्या घेतल्या. तपासणीच्या दिवसांत त्या गावोगाव फिरतात. एका गावात पथक येऊन गेलं की संध्याकाळी ट्रकमध्ये, सकाळी पुढच्या गावात. प्रत्येक खाटेला गावाच्या नावाची पाटी अडकवायला खाच आहे, आणि सात गावांच्या पाट्या ड्रायव्हरमामाच्या सीटखालच्या पेटीत असतात. आणि वर्षाचे उरलेले महिने? प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेजारगावच्या गोदामात! खराब होऊ नयेत म्हणून. आजारी माणसं आमच्या जुन्या, गंजक्या खाटांवर, आणि त्या भरल्या की जमिनीवर. मला हे सगळं माहीत होतं. मी ते पोटात ठेवून दोन वर्षं चहा पीत राहिले, कारण डॉक्टर टिकत होती.

यंदा ट्रक आला तेव्हा आई गंजक्या खाटेवर होती. डॉक्टरने कुणाला न विचारता तिला नव्या खाटेवर घेतलं, वजनाची दोरी पायथ्याच्या दांडीवरून सोडली आणि हँडल फिरवून तिला टेकवून बसवलं. आईने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. तपासणीच्या वेळी तुझ्या अधिकारी बाईने तिला विचारलं, 'खाट कशी आहे आजी?' तर म्हणते, 'फार छान आहे हो. कधी नेणार आहात?' बाईला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. हसली आणि पुढे गेली.

संध्याकाळी ट्रक दारात. ड्रायव्हरमामा टोपी काढून आत आला.

"बाई, आजींना जरा उचलावं लागेल."

"हात लावून तर बघा," डॉक्टर म्हणाली.

मामा बिचारा दोन पावलं मागे सरला. मला म्हणाला, "मग असं करू. अकरा नेतो, एक राहू द्या. तुमच्या आईची खाट आहे, कोण काय बोलणार?"

आणि मी हो म्हणणारच होते. खरं सांगते, ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरची बाई खाली उतरायला लागली. आदल्या दिवशीच बाळंत झालेली, तिलाही डॉक्टरनेच नव्या खाटेवर घेतलेलं. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात बाळ, आणि बाळाची दुपटी स्वतःच गोळा करतेय. तिला कोणी उठ म्हटलं नव्हतं. पथक गेलं म्हणजे खाट जाणार, एवढं तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त तुम्हाला सोडून.

मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. मी तिला म्हटलं, "चढ परत वर." आणि मामाला म्हटलं, "एकही खाट जाणार नाही."

मामा म्हणाला, "बाई, उद्या सकाळी शेजारी हेडमास्तरांच्या गावात पथक आहे."

ते मला त्या क्षणी आठवलंच नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

ताई


१६ फेब्रुवारी

शहाण्या,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी निवडून आलेली बाई आहे, उत्तर न देणाऱ्या लोकांशी बोलायची मला सवय आहे.

हेडमास्तर म्हणजे शेजारगावचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते त्याच संध्याकाळी स्कूटरवरून आले. हेल्मेट न काढताच ओरडायला लागले.

"तुमचा निकाल लागला, आणि आता आमचा पेपर फाडता? सात गावांचा शब्द होता बाई!"

मी म्हटलं, "आधी आत या, बघा."

"मला काही बघायचं नाही! उद्या माझ्या दवाखान्यात काय दाखवू? चटया?"

"असतील त्या चटया दाखवा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, कळलं? खरं बोलून कोणत्या गावाचं भलं झालंय? एक नाव सांगा!"

मी म्हटलं, "अजून कुणी बोलूनच पाहिलेलं नाही हो!" ते आणखी चिडले. आमचे आवाज एवढे चढले की आतून आईने ओरडून सांगितलं, "भांडा, पण हळू! इथे एवढंसं बाळ झोपलंय." तेव्हा हेडमास्तरांनी हेल्मेट काढलं आणि आत डोकावून बघितलं. बाराही खाटा भरलेल्या होत्या. डॉक्टरने जमिनीवरची सगळी माणसं वर घेतली होती. हेडमास्तरांनी दारातूनच एकेक खाट मोजली. मग म्हणाले, "यांच्यावर माणसं झोपलेली मी आजवर बघितलीच नव्हती." गोदाम त्यांच्याच गावात आहे, हे लक्षात घे.

पण म्हणून ते विरघळले असं समजू नकोस. त्यांचंही सगळं पणाला लागलेलं. त्यांच्या डॉक्टरला खालच्या श्रेणीत कोणी ठेवणार नव्हतं. आम्ही दोघांनी बाकावर बसून चहा घेतला आणि मी मनात घोळत होतं ते बोलून दाखवलं.

म्हटलं, हेडमास्तर, विचार करा. आपल्याकडे पाणी वेळेवर येत नाही. पगार वेळेवर होत नाहीत. बस तर विचारूच नका. पण हा ट्रक? एक दिवस चुकला नाही. डिझेल कोणी भरायचं यावरून भांडण नाही, हमालांची पाळी ठरलेली, पाट्या ठरलेल्या, सात गावांत सात पक्षांचे अध्यक्ष आणि एकाने कधी दगा दिला नाही. आपल्या अख्ख्या भागातला सर्वांत चोख कारभार आपण कशासाठी केला, तर राजधानीला फसवायला! हाच ट्रक खऱ्या कामाला जुंपला तर? खाटा गोदामात नकोत. ज्या गावात रोगी जास्त तिथे त्या आठवड्यात जास्त खाटा. एका गावातली डॉक्टर सुट्टीवर गेली तर शेजारगावची ट्रकमधून येईल. आणि मूल्यमापन खात्याला सातही गावांनी मिळून सांगायचं, आमच्या कुणाकडेच बारा नाहीत. सगळ्यांच्या मिळून बारा आहेत.

"म्हणजे सातही गावं नापास," हेडमास्तर म्हणाले.

"हो."

"आणि सातही डॉक्टर जाणार."

"जाऊ द्यायच्या नाहीत. भांडायचं."

"कुणाशी?"

"माझ्या भावाशी," मी म्हटलं. आणि ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "मग तुमचा सराव आहे म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी त्या माणसाने काय केलं माहीत आहे? तुमच्या पथकाला स्वतः हात धरून आत नेलं आणि चटया दाखवल्या. चटईवरच्या प्रत्येक माणसाचं नाव सांगितलं, निम्मे त्यांचेच विद्यार्थी निघाले. पथक त्यांना नापास करून गेलं. मग उरलेल्या पाच गावांनी ट्रक बोलावलाच नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? सातही जणांनी सही केलेला अर्ज तुझ्या खात्याकडे निघालाय. त्यात माझी सही सर्वांत वर आहे, कारण यंदा फसवून पास झालेली मी एकटीच.

मला सूट नको आहे, शहाण्या. बहीण म्हणून तर अजिबात नको. नियम बदल.

ताई


९ मार्च

शहाण्या,

तुझ्या सहीचा आदेश मिळाला. 'दिशाभूल करून मिळवलेली श्रेणी रद्द करण्यात येत आहे.' आमचं गाव शेवटच्या श्रेणीत. डॉक्टरची बदली महिनाअखेरीला, हेडमास्तरांच्या डॉक्टरचीही; बाकी पाच गावांचा निकाल अजून लागायचाय. दुष्काळात तेरावा महिना.

मी तो कागद तीनदा वाचला, मग आदळला, मग उचलून सरळ केला. आईने विचारलं काय झालं. मी कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून फक्त खालची सही बघितली. "किती सुंदर काढतो अक्षर," म्हणाली. "मी गिरवून घेतलंय." ह्या बाईचं काय करावं!

गावात मोर्चाची भाषा सुरू झाली. बाजारातल्या टपरीवर एकाने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ वर बसलाय, तरी हिला जमलं नाही." मी वळून त्याला म्हटलं, "भाऊ वर बसलाय आणि तरी त्याने आमचं गाव पाडलं, हे तुम्हाला दिसत नाही का?" मग घरी येताना माझं मलाच जाणवलं की मी तुझी बाजू घेऊन भांडले. आणि अभिमानाने भांडले. तू आम्हाला सोडून हेडमास्तरांना पाडलं असतंस ना, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. तेव्हा आदेश चुकीचा आहे, पण तू बरोबर आहेस. हे वाक्य कापून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण एक सांग. आदेशाच्या पाठीमागे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय, 'आई कशी आहे?' तेही खात्याच्या टपालातून! तुला लाज नाही वाटत? आई बरी आहे. हे खरंच. वजन काढलंय, पुढच्या आठवड्यात उभी करणार आहेत. तिला मी पेन्सिलचं दाखवलं नाही आधी. मग दाखवलं. तो कागद आता तिच्या उशीखाली आहे, त्यामुळे आदेशाची प्रत मला नगरपालिकेत लावता आलेली नाही. तुझ्या खात्याने विचारलं तर तूच उत्तर दे.

आदेशाच्या शेवटी सुनावणीची तारीखही आहे, ती मी आधी रागात वाचलीच नव्हती. सातही गावांना म्हणणं मांडायला राजधानीत बोलावलंय. ते तूच घातलंस ना? हेडमास्तर म्हणतात औपचारिकता असते. मी म्हणते, जो माणूस लहानपणी हरलेला डाव 'पुन्हा एकदा' म्हणून मांडायला लावायचा, त्याचा हा स्वभाव आहे.

आम्ही येतोय. ट्रकनेच येतोय.

ताई


२८ मार्च

शहाण्या,

काल तू तिथेच होतास, तरी सांगते. कारण तू बराच वेळ कागदांकडे बघत होतास, आणि माझ्याकडे बघायला तुला जमलं नाही.

तुमच्या त्या खोलीत टेबल केवढं, आणि टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकापुढे माइक. आमच्या बाकासमोर एकही नाही. प्रगतीचं ऐकायचं आणि ऐकवणाऱ्याला माइक नाही! बरं झालं मला गरज नव्हती. तुमच्या सचिवांनी म्हटलं, 'बाई, थोडं हळू.' मी म्हटलं, 'साहेब, हळू आम्ही आजवर बोललोच आहोत.'

मग मी काय बोलले ते हेडमास्तर गावभर सांगत फिरतायत आणि प्रत्येक वेळी थोडं वाढवतायत, म्हणून मूळ इथे लिहून ठेवते. मी म्हटलं, ज्याच्याकडे आहे त्याला आणखी द्यायचं आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडचंही काढून घ्यायचं, ही बक्षीस समारंभाची रीत झाली, कारभाराची नाही. तुम्ही आम्हाला पास व्हायला सांगितलंत, आम्ही पास व्हायला शिकलो. दवाखाना चालवायला शिकायचं राहून गेलं. आता सहा आठवडे त्याच बारा खाटा, तोच ट्रक, तीच गावं. एकही खाट रिकामी नाही आणि एकही गोदामात नाही. आम्हाला बक्षीस नको. डॉक्टर तेवढ्या राहू द्या, एक वर्ष द्या, आणि बघायला न कळवता या.

सचिवांनी चष्मा काढून विचारलं, "हा बारा खाटांचा निकष मुळात ठरवला कोणी?"

टेबलाभोवतीचे सगळे जण पाण्याच्या बाटल्यांकडे बघायला लागले. मला वाटलं आता एखादी समिती निघणार, जिचे सदस्य निवृत्त झालेत.

"मी," तू म्हणालास. "खाटा मोजायला मी लावल्या. त्यांच्यावर कोण झोपतं, हे विचारायला लावलं नाही. चूक माझी आहे."

आणि मग तू उभा राहिलास. नाक लाल. "आणखी एक नोंद घ्यावी. समोर बसलेल्या अध्यक्षा माझी मोठी बहीण आहे. या निर्णयात मी भाग घेणार नाही."

शहाण्या, दोन वर्षांत तू मला एकदाही बहीण म्हटलं नव्हतंस, आणि म्हटलंस ते सरकारी नोंदीत. मी रडले वगैरे नाही. पंखा माझ्याच डोळ्यांवर होता.

मग तू टेबल सोडून आमच्या बाकावर आलास. मी सरकून जागा केली, पण त्या जागेत हेडमास्तरच सरकले आणि तू त्यांच्या पलीकडे बसलास. त्यानंतर तास दीड तास तो माणूस तुला शिक्षण पद्धतीबद्दल समजावत होता आणि तू मान डोलावत होतास. मध्येच तू त्यांच्यासमोरून हात लांब करून मला पाण्याची बाटली दिलीस. माझा घसा बसलाय हे तुला कळलं होतं. घरी येऊन आईला पहिलं तेच सांगितलं, निकालाचं नंतर.

निकाल यायचाच आहे. तू त्या टेबलाशी नसशील, तेव्हा काय होईल ते होवो. पण मला आत कुठेतरी वाटतंय की जमलं.

ताई


२१ एप्रिल

शहाण्या,

जमलं! पूर्ण नाही, पण जमलं. सातही गावांच्या खाटा आणि डॉक्टर मिळून एकच धरणार, एका वर्षासाठी. दोन्ही बदल्या रद्द. डॉक्टरने तो कागद वाचला, 'म्हणजे आता मला कोणी घाबरवू शकत नाही' असं म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे नवीन पाण्याच्या टाकीची मागणी टाकली. आणि यापुढे नवीन सामान आधी शेवटच्या श्रेणीतल्या गावांना. आमचं गाव शेवटच्या श्रेणीत आहे. हेडमास्तरांचंही आहे. ते सगळ्यांना सांगतायत, "आम्ही शेवटून पहिले." आयुष्यभर पोरांना नापास करणाऱ्या माणसाला नापास होण्याचा एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदा बघितला.

काल आई काठी घेऊन दवाखान्याच्या दारापर्यंत चालत आली आणि तिची खाट रिकामी झाली. दुपारीच खाट ट्रकमध्ये चढली, पलीकडच्या गावात एका गवंड्याचा पाय मोडलाय त्याच्यासाठी. ड्रायव्हरमामाने पाट्यांची पेटी काढून टाकलीय, म्हणाला सीटखाली आता डबा ठेवायला जागा झाली. आईने जाताना खाटेच्या दांडीवर हात फिरवला आणि मामाला म्हणाली, "सावकाश ने, हँडल जरा अडतं."

तुझं ऐकलं. तू स्वतः मागून टेबलामागची खुर्ची सोडलीस आणि आता पथकांबरोबर गावोगाव हिंडणार आहेस म्हणे. चष्मेवाल्या बाईने फोन करून सांगितलं, तुला वाटेल मी हेर ठेवलेत. उंटावरून उतरलास, चांगलं केलंस. चांगले जाड तळव्याचे बूट घे.

पण एक लक्षात आलं का तुझ्या? आमचं गाव तपासायला तुला येता येणार नाही. तूच नोंद करून ठेवलीयस, मी तुझी बहीण आहे. म्हणजे आता तुला इथे काहीही मोजायचं नाही, काही लिहायचं नाही, कुणाला पास करायचं नाही. नुसतं घरी यायला तू मोकळा आहेस. आणि फेब्रुवारीत मी 'येऊ नकोस' लिहिलं होतं, तेव्हाचं ते कारण आता उरलेलं नाही.

हे माझ्या डोक्यात आलं आणि मी आज सकाळी कामाला लागले. खुर्च्यांवर नवीन अभ्रे, जिन्याखालची अडगळ गच्चीवर, तुझ्या खोलीतल्या माझ्या फायली पलंगाखाली. तुटक्या कपाटासमोर शेजारणीकडून मागून आणलेला पडदा लावत होते. आई काठी टेकत दारात येऊन उभी राहिली.

"कुणाची तपासणी आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कुणाची नाही. शहाण्या येईल कदाचित."

आईने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग तो पडदा देऊन ये परत," म्हणाली. "आणि काही आवरू नकोस. आपण कसे राहतो ते बघू दे त्याला."

पडदा परत दिलाय. फायली पुन्हा तुझ्या पलंगावर आहेत, त्या आल्यावर तुलाच उचलाव्या लागतील. जिन्याचा कठडा अजून हलतो, धरून चढ.

ये. काहीही आवरलेलं नाही.

ताई